चर्चा: मैलाशुद्धीकरण झालं, पण मुळा-मुठेतल्या हार्मोन्सचं काय?

मुठाकाठ: जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून पुण्यात 11 नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं होतायत. व्हायलाच हवीत. पण बाहेर पडणारं पाणी तपासलं जातं ते बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), गाळ, जिवाणू यांसाठी. हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना मर्यादाच ठरलेली नाही. गर्भनिरोधक गोळीतलं इथिनाइलइस्ट्राडिऑल, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, काही डिटर्जंटमधून येणारं नोनिलफेनॉल. हे शेवटचं तर जिवाणूंनी मूळ रसायन अर्धवट तोडल्यावर तयार होतं, आणि मूळ रसायनापेक्षा जास्त घातक असतं. केंद्रं सुरू होतानाच ही तपासणीही सुरू करा.

औंधकर: असहमत. बंडगार्डनच्या पुलावरून खाली बघा. मैला थेट नदीत, जलपर्णी माजलेली, पाण्यात ऑक्सिजन नाही. मासा आधी गुदमरून मरतोय. असली रसायनं नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, मोजायच्या यंत्रांचा पैसा नाले वळवायला लावा.

मुठाकाठ: ऑक्सिजन परत आला की मासे परत येतील, आणि खरा प्रश्न तेव्हाच सुरू होईल. कॅनडातल्या ऑन्टारियोत 260 क्रमांकाच्या तळ्यात, म्हणजे स्वच्छ पाण्यात, 2001 पासून तीन उन्हाळे गोळीतलं हार्मोन मुद्दाम सोडलं. लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम. नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं. फॅटहेड मिनो हा छोटा मासा तळ्यातून जवळजवळ संपला. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी तो सावरला. आपल्या नदीत सोडणं थांबत नाही.

सिंहगडरोड: म्हणजे खापर पुन्हा बायकांच्या गोळ्यांवर?

मुठाकाठ: मुळीच नाही. नैसर्गिक इस्ट्रोजेन बायका-पुरुष सगळ्यांच्या लघवीतून जातं, गोठ्यांतूनही.

भीमातीर: आम्ही इंदापूरकडचे. तुमचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं. चिलापी मासा आमच्या रोजच्या ताटात, धरणाचं पाणी सोलापूरच्या नळाला. "आधी नाले, मग बाकी" हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे. आमच्याकडे दोन्ही एकदमच येतं.

औंधकर: तुमचा राग रास्त आहे. तरीही मोजून करणार काय? स्वित्झर्लंडने 2016 पासून असली रसायनं काढायला मोठ्या केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बनची जोड द्यायला घेतली, कारण त्यांचं साधं शुद्धीकरण आधीच पूर्ण झालं होतं. त्यापेक्षा मुळावर घाव घाला. नोनिलफेनॉल देणाऱ्या रसायनांवर युरोपने 2003 मध्येच कडक निर्बंध आणले. तेच इथे मागा, महापालिकेला दमडीचा खर्च नाही.

मुठाकाठ: निर्बंध मागायलाही पुरावा लागतो. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात सांडपाणी केंद्रांचं पाणी मिसळतं त्याच्या खालच्या प्रवाहात नर रोच माशांच्या वृषणांत अंडपेशी सापडल्या, त्या कुणीतरी मासे चिरून पाहिले म्हणून. आपणही माशांपासून सुरुवात करू. उजनीतल्या नर चिलापीच्या रक्तात ते बलकाचं प्रथिन आहे का, एवढं तपासायला नॅनोग्रॅमची यंत्रं लागत नाहीत.

भीमातीर: मासे आम्ही देतो. तपासणार कोण ते सांगा.