यंत्राने ओळखलं नाही म्हणून पेन्शन थांबवायची? त्यासाठी कायदाच हवा

नौपाडाकर:
राज्य सरकारच्या निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत यादीवर सही करा, नाहीतर ‘जीवन प्रमाण’ या केंद्राच्या ऑनलाइन दाखल्याच्या सेवेवर आधारने ओळख पटवा. दाखला पोचला नाही की पेन्शन बंद. माझी मागणी अशी, की हे परिपत्रकांवर सोडू नये, विधिमंडळाने कायदा करावा. आधी लेखी नोटीस, मग घरी जाऊन खात्री, तोवर पेन्शन चालू. झारखंड सरकार विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनला राज्यघटनेच्या कलम ३००-अ खालची, म्हणजे कायद्याशिवाय काढून घेता न येणारी मालमत्ता मानलं. नुसत्या प्रशासकीय सूचनेवर ती अडवता येत नाही. तो खटला विभागीय चौकशीचा होता, पण तत्त्व इथेही तेच.

लेखाशाखा_ठाणे:
साहेब, कोषागाराची बाजूही बघा. पेन्शनर गेल्याचं घरचे कळवत नाहीत, एटीएममधून पैसे काढत राहतात. मग वसुलीसाठी आम्ही वारसांच्या दारात. आणि राज्याचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम घटनेच्या कलम ३०९ खालचेच आहेत, त्यांना कायद्याचंच बळ आहे. त्यातच दुरुस्ती करा. विधेयक कशाला?

नौपाडाकर:
कारण ते नियम सरकारच करतं आणि सरकारच बदलतं. सभागृहात एकाही आमदाराला उत्तर द्यावं लागत नाही.

घणसोलीची सून:
माझ्या सासूबाई सरकारी परिचारिका होत्या, वय ८३. आयुष्यभर हात धुऊन बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात. बँकेत अंगठा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा दाबला, यंत्र काही घेईना. मग मोबाईलवर चेहरा. स्क्रीनवर ‘डोळे मिचकावा’ असं येतं. मोतीबिंदूमुळे त्यांना ते वाचता येत नाही आणि मी ओरडून सांगेपर्यंत वेळ संपते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक केलं. तरी आम्हाला खिडकीवर ‘आधारशिवाय होणार नाही’ हेच ऐकवलं. ऐच्छिक आहे तर दुसरा मार्ग दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक नको का?

वाशी_सेक्टर१७:
ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण माझे बाबा अंथरुणाला खिळलेत. चेहऱ्यावरून ओळख सुरू झाली, म्हणून त्यांना खुर्चीत घालून बँकेत न्यावं लागत नाही. पोस्टमनही ७० रुपयांत घरी येऊन दाखला करून देतो. कायद्यात ‘प्रत्यक्ष खात्री’ हे शब्द घातलेत, की कारकून सरसकट सगळ्यांना बोलावणार. हे मी लिहून देतो.

नौपाडाकर:
भीती रास्त आहे. म्हणून कलम नेमकं हवं: यंत्राने ‘हो’ म्हटलं तर प्रश्न मिटला. ‘नाही’ म्हटलं, तर खात्री करून घेणं हे कार्यालयाचं काम, पेन्शनरचं नव्हे. त्याला मुदत, आणि मुदत चुकली तर अधिकाऱ्याला दंड. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये दंडाची तरतूद आहेच.

लेखाशाखा_ठाणे:
दंड लावा, हरकत नाही. पण मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर खात्री करायला जायचं कुणी? तलाठ्याने, ग्रामसेवकाने की आम्ही? ते आणि त्याचा प्रवासखर्चही त्याच कलमात लिहा. नाहीतर आधी नोटीस जाईल आणि फाईल तिथेच पडून राहील.