मदत हवी आहे: जावामध्ये एनमवरून उलटा मॅप कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

जावा १७ वापरतोय. व्यवहाराच्या स्थितीचा एक एनम (ठरावीक नावांची, म्हणजे कॉन्स्टंटची, यादी असलेला प्रकार) आहे: प्रलंबित, यशस्वी, रद्द, परतावा वगैरे. प्रत्येकाचा दोन अक्षरी कोड देणारी मेथड स्विच एक्स्प्रेशनने (प्रत्येक पर्यायाला एक उत्तर) लिहिली आहे, डीफॉल्ट (बाकी सगळ्यांसाठीचं उत्तर) न ठेवता. नवा कॉन्स्टंट टाकून कोड द्यायला विसरलो की कंपायलरच अडवतो. ही सोय सोडायची नाहीये.

घोडं अडलंय उलट दिशेला. बाहेरून येणाऱ्या फाइलीत नुसता कोड असतो, त्यावरून एनम शोधायचा. त्यासाठी स्ट्रिंगवर दुसरा स्विच लिहिला तर डीफॉल्ट द्यावाच लागतो, मग एखादा कोड सुटला तरी कंपायलर गप्प. म्हणून व्हॅल्यूज()मधून सगळे कॉन्स्टंट घेऊन कलेक्टर्सच्या टूमॅपने स्टॅटिक फायनल मॅप (कोड ही की, म्हणजे किल्ली, आणि तिच्यासमोर एनम अशा जोड्या) बांधला. (कन्स्ट्रक्टरमधून स्टॅटिक मॅप भरता येत नाही, कारण कॉन्स्टंट आधी तयार होतात आणि मॅप नंतर.)

छान चाललं होतं. आता रद्द आणि परतावा दोघांना एकच कोड आलाय. टूमॅप 'डुप्लिकेट की' म्हणून इल्लीगलस्टेटएक्सेप्शन फेकतो, क्लास लोड होतानाच मरतो आणि पुढे जिथे तो एनम वापरू तिथे नोक्लासडेफफाउंडएरर. लॉग त्यानेच भरलाय.

टूमॅपला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून मर्ज फंक्शन (एकाच कीवर दोन आले तर काय करायचं ते सांगणारं) देऊन 'पहिला ठेव' म्हणू का? शिवाय असे बरेच एनम आहेत, सगळ्यांना एकच हेल्पर जमेल?

प्रतिसाद १
मर्ज फंक्शन अजिबात नको. 'पहिला' म्हणजे एनममध्ये जो वर लिहिलाय तो. उद्या कोणी कॉन्स्टंट अकारविल्हे लावले की रद्दचे व्यवहार निमूटपणे परताव्यात जातील. आत्ता फुटतंय ते बरंच आहे. फक्त ते प्रॉडक्शनऐवजी युनिट टेस्टमध्ये फुटू द्या: सगळ्या कॉन्स्टंटचे कोड सेटमध्ये (त्यात एक गोष्ट एकदाच राहते) टाका आणि दोन्हींची संख्या जुळते का बघा.

हेल्पर जमेल. क्लास आणि फंक्शन असे दोन पॅरामीटर घ्या, आत गेटएनमकॉन्स्टंट्स() वापरा. शोधणाऱ्या मेथडने ऑप्शनल (रिकामंही असू शकणारं उत्तर) परत करावं; फाइल बाहेरची आहे, अनोळखी कोड येऊ शकतो.

प्रतिसाद २
एनममॅप (एनमसाठीचा खास मॅप) इथे चालणार नाही, त्यात की म्हणून एनमच लागतो, आपली की कोड आहे. कोड खरोखरच सामायिक असेल तर ग्रुपिंगबाय (एकाच कोडचे कॉन्स्टंट एका गटात) करून प्रत्येक कोडमागे एनमसेट (एनमचा सेट) ठेवा आणि रद्द की परतावा हे फाइलीतल्या दुसऱ्या एखाद्या रकान्यावरून ठरवा. असा रकाना आहे का?

प्रश्नकर्ता
आहे, मूळ व्यवहाराचा क्रमांक. तो फक्त परताव्यालाच भरलेला असतो. ग्रुपिंगबाय करतो, टेस्ट बाकीच्या एनमना लावतो.