मदत हवी आहे : ओढ्याकाठची चंदनाची झाडं चोरट्यांपासून कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी, आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात बार्शीकडं, गावामागं फॉरेस्टची हद्द आहे आणि तिथं ओढ्याच्या कडंनं आपोआप उगवलेली चंदनाची झाडं आहेत, म्हणजे होती म्हणायची वेळ आलीय. परवा सकाळी बघितलं तर दोन झाडं बुडापासून कापलेली, भुसा अजून ओला, वास सगळीकडं पसरलेला. फांद्या तिथंच टाकून दिल्यात, गाभ्याचा, म्हणजे मधल्या वासाच्या लाकडाचा तुकडा तेवढा नेला. तिसऱ्याला गिरमिटानं भोक पाडून ठेवलंय, गाभा धरलाय का बघायला, म्हणजे ते परत येणार हे नक्की. गाभा धरायला वर्षानुवर्षं लागतात ओ, लई जीव तुटतो बघून.

वनखात्याच्या १९२६ हेल्पलाईनवर कळवलंय. पण रात्री राखायचं तर गावानंच उभं राहायला पाहिजे. मेंढपाळ मंडळी तयार आहेत, रानात तीच असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यातली, गावातल्या झाडाझुडपांची नोंद ठेवणारी जैवविविधता समिती आमच्या ग्रामपंचायतीत फक्त कागदावर आहे, ती जागी करून झाडांची नोंद कशी करायची? संयुक्त वन व्यवस्थापन समितीतनं, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल राखतात त्या समितीतनं, गस्त कुणी चालवलीय का? चोरटे करवत घेऊन येतात, पोरांना नुसतं पाठवायची भीती वाटते. अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.