थायरॉईडची गोळी चालू, तरी टीएसएच उतरत नाही

मलप्रभाकाठ (खानापूर):
सासूबाई 58 वर्षांच्या, वजन 62 किलो. टीएसएच (थायरॉईड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) 18.4 आला म्हणून 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. 3 महिन्यांनी 13.1. अंग जड, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा तसाच. थंडी वाजायची ती इथल्या पावसाची, असंच सगळे समजत होते. गोळी सकाळी चहाबरोबर, नाश्त्यावर कॅल्शियम. डोस वाढवावा लागेल का?

औषधकट्टा (निपाणी):
वहिनी, आधी चहा बाजूला करा. ही गोळी आतड्यात नीट शोषली जायला पोट रिकामं लागतं. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह पोटातच तिला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात 4 तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर न्या. आणि डबी बघा. खानापूरच्या पावसात झाकण सैल राहिलं की गोळ्या ओल धरतात. चुलीजवळच्या फळीवरही नको, उष्णतेनं जोर जातो.

सह्याद्री (बेळगाव):
वरचं अगदी बरोबर. पण डोसही अपुरा असू शकतो. ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलं असेल तर किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे 62 किलोला 100 च्या आसपास. या वयात, त्यातून हृदयाचा त्रास असेल तर, डॉक्टर हळूहळूच चढवतात; एकदम वाढवला तर धडधड, छातीत दुखणं. म्हणून आधी वेळ सुधारा, 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. पंधरा दिवसांत तपासून उपयोग नाही, कारण औषध रक्तातून निम्मं व्हायलाच 7 दिवस लागतात. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी 2 दिवस बंद ठेवा, आकडे चुकतात.

मलप्रभाकाठ:
मीठ तर आयोडीनचंच आहे. मग झालं कशानं?

सह्याद्री:
मग बहुधा हाशिमोटो. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उठते. अँटी-टीपीओ (हाशिमोटो ओळखायची रक्ततपासणी) एकदा केली की पुरे, दर वेळी पैसे घालवू नका. जादा आयोडीननं हे बरं होत नाही, उलट बिघडू शकतं. लिथियम (मनाच्या आजाराचं औषध) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं) चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. थायरॉईडला कोबी नको म्हणतात, पण शिजवून खुशाल खाऊ द्या.

औषधकट्टा:
टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू देऊ नका, तो गोळीमुळेच आलेला असतो. आणि अंग गार पडलं, गुंगी चढली, बरळायला लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या.