संज्ञाप्रवाही कादंबरी वाचण्याआधी सारांश वाचावा का?

प्रश्न: आम्ही सोलापुरातील पाच जण दर रविवारी सकाळी एकत्र बसून एकच पुस्तक वाचतो. सध्या अमेरिकन लेखक विल्यम फॉकनर यांची १९२९ सालची ‘द साउंड अँड द फ्युरी’ ही संज्ञाप्रवाही, म्हणजे पात्राच्या मनात विचार आणि आठवणी जशा येतात तशाच मांडणारी, कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचत आहोत. पहिला भाग ३३ वर्षांच्या, पण लहान मुलाचे मन असलेल्या आणि बोलता न येणाऱ्या बेंजीच्या मनातून उलगडतो. त्याला काल आणि आज वेगळे करता येत नसल्यामुळे एकाच पानावर निरनिराळ्या वर्षांतले प्रसंग येऊन जातात. तीन रविवार गेले, तरी आम्ही तिसाव्या पानापुढे सरकलेलो नाही. आधी सारांश वाचून घ्यावा, असे एका सदस्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: सारांश वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एकच जागा उघड करतो, त्याबद्दल क्षमस्व. सुरुवातीलाच बेंजी कुंपणापलीकडचा गोल्फचा खेळ पाहत असतो. खेळणारा ‘कॅडी’ अशी हाक मारतो आणि बेंजी कण्हू लागतो. खेळाडूने हाक मारलेली असते ती त्याच्या काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला, परंतु बेंजीच्या दुरावलेल्या बहिणीचे नावही कॅडीच आहे, आणि ते मैदान म्हणजे त्याच्याच घराण्याने विकलेले कुरण आहे. पहिल्या वाचनात मी ती ओळ सहज ओलांडून गेलो होतो. दुसऱ्यांदा तिथे आलो, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. सारांशातून मला ही केवळ माहिती मिळाली असती, ते कण्हणे ऐकू आले नसते. तिरप्या अक्षरांकडे मात्र लक्ष असू द्यावे; तिथे बहुधा काळ बदललेला असतो.

प्रतिसाद २: सारांशाबाबत सहमत आहे, पण सुरुवात मराठीतून करावी, असे सुचवतो. मी सोलापूर शहराच्याच पूर्व भागात वाढलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी, त्यामुळे एका भाषेत सुरू झालेला विचार दुसऱ्या भाषेत संपणे माझ्यासाठी रोजचेच आहे. तरीही इंग्रजी संज्ञाप्रवाहापुढे मी अडलो, कारण भाषेची अडचण कोणती आणि तंत्राची कोणती, हेच कळेना. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही मराठीतली संज्ञाप्रवाही कादंबरी वाचताना ही गाठ सुटली. मराठी वाक्याची लय कानात असल्यामुळे कोणता शब्द कोणत्या आठवणीचे बोट धरून आला, हे जाणवत गेले. दुर्बोध लिहिलेले सगळेच मोलाचे असते, असे मी म्हणणार नाही. काही प्रयोग दुसऱ्या वाचनातही हाती काही देत नाहीत. आणि अशी पाने मोठ्याने वाचावीत.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. ती हाक आम्हा पाचही जणांच्या नजरेतून सुटली होती. येत्या रविवारी पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचत, पुन्हा सुरुवात करतो.