एप्रिलअखेरीस पहिले बाळ येणार आहे : आधीच काय घेऊन ठेवावे?

प्रश्न : नागपूरच्या बेसा रोडवरून

सर्वांना नमस्कार. मला सातवा महिना सुरू आहे आणि डॉक्टरांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातील तारीख दिली आहे. प्रसूती धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात होईल. माझे माहेर वर्ध्याला आहे, पण भर उन्हाळ्यात ओल्या बाळंतिणीने प्रवास करू नये म्हणून आईच इकडे येणार आहे आणि पहिले तीन महिने आम्ही बेसा रोडवरील आमच्या फ्लॅटमध्येच राहू. फ्लॅट वरच्या मजल्यावर असल्याने दुपारी छत फार तापते. झोपण्याच्या खोलीला खिडकीचा कूलर आहे, एसी नाही.

मागच्या रविवारी आम्ही बर्डीवरील एका दुकानात गेलो होतो. तेथे पाळणा, राईची उशी, बाटल्यांचा संच, बाटल्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, वॉकर, बाबागाडी, न्हाऊ घालण्याचा टब, पावडर-लोशनचा डबा आणि कार सीट अशी भली मोठी यादी आमच्या हाती दिली गेली व तिची बेरीज चाळीस हजारांच्या घरात गेली. आम्ही पंधरा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. याउलट सासूबाईंचे म्हणणे असे आहे की बाळ सुखरूप हाती येईपर्यंत घरात नवे काहीही आणू नये. त्यांचे मन मला मोडायचे नाही, पण प्रसूतीनंतर घरच्यांनी दवाखाना आणि बाजार अशी धावपळ करावी, हेही पटत नाही.

पहिल्या सव्वा महिन्यात खरोखर कशावाचून अडते, कोणती वस्तू नंतर घेतली तरी चालते आणि कोणती मुळीच घेऊ नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. लंगोट घ्यावेत की डायपर, याबद्दलही घरात एकमत नाही.

उत्तर : खामल्यातून, दोन मुलांची आई

ताई, अभिनंदन. आपली तारीख पाहता मी सर्वांत आधी ऋतूचा विचार करीन, कारण डिसेंबरात जन्मलेल्या बाळाची यादी मेमधल्या बाळाला लागू पडत नाही. आपल्या बाळाचा पहिला महिना पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या दिवसांत जाईल आणि ते मान धरू लागेल तोवर पाऊस लागलेला असेल. दुकानात नवजात बाळाचा म्हणून जो तयार संच मिळतो, त्यात लोकरी टोपडे, हातमोजे, पायमोजे आणि जाड रॅपर हमखास असतात. त्यातले काहीही आपल्याला ऑक्टोबरपर्यंत लागणार नाही आणि तोपर्यंत ते मापाला पुरणारही नाही.

मलमलीची किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची, पुढून बंद बांधायची आठ-दहा झबली पुरेशी होतात. बंद आखूड असावेत. गळ्याशी लांब नाडी, मणी किंवा टाचणी असलेला कपडा कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये. पातळ सुती दुपटी सहा-सात असावीत, कारण अंगावर घालायला, खाली अंथरायला, दूध पुसायला आणि पाजताना आडोसा करायला तीच कामी येतात. ही खरेदी इतवारी किंवा गांधीबागेत डझनाच्या हिशेबाने केली तर स्वस्त पडते. नवे कापड मात्र एकदा साध्या साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरावे.

लंगोटांची संख्या किती लागतात यापेक्षा किती लवकर वाळतात यावर ठरते. अंगावरचे दूध व्यवस्थित मिळणारे बाळ पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा वेळा लघवी करते आणि शीचे लंगोट त्याहून वेगळे असतात, म्हणजे दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज बदलले जातात. मेमध्ये गच्चीवर टाकलेला लंगोट तासाभरात कोरडा होतो, म्हणून दोन डझनांत भागते. जूनच्या मध्यानंतर तोच लंगोट दुसऱ्या दिवशीही दमट राहतो. तेव्हा आणखी एक-दोन डझन घ्यावे लागतील, पण ते तेव्हाच घ्यावेत. डायपरचे सर्वांत लहान पाकीट रात्रीसाठी आणि दवाखान्यात जाण्या-येण्यासाठी आणून ठेवावे. मोठे पाकीट स्वस्त पडते हे खरे, परंतु डायपरचे माप वजनावर असते आणि बाळ ते माप कधी ओलांडेल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात दिवसभर डायपर ठेवला तर जांघेत लाली येते. म्हणून दिवसा लंगोट आणि रात्री डायपर अशी विभागणी केली तर घरातील दोन्ही मतांचा मान राहील.

टब आत्ता घेऊ नये. बाळाला मालिश करायला येणाऱ्या बाई पायांवर घेऊनच न्हाऊ घालतात. त्यांना एक पाट, दोन बादल्या आणि एक मऊ पंचा लागतो. बाळ बसू लागले की टबचा विचार करता येईल.

छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मात्र यादीत अगदी वर ठेवावी. घरात कूलर आहे, म्हणजे साचलेले पाणी आहे आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करून मगच पाणी भरावे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी कूलरचे जुने गवत बदलून घेतले तर कुबट वासही राहत नाही.

उत्तर : सक्करदऱ्याहून, सेवानिवृत्त परिचारिका

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त न घेण्याच्या वस्तूंबद्दल लिहिते, कारण त्यांतील काही वस्तू पैसे वाया घालवतात एवढ्यावर थांबत नाहीत, त्या बाळाला अपायही करतात.

राईची उशी डोके गोल होण्यासाठी म्हणून विकली जाते. बाळाला झोपण्यासाठी कोणतीच उशी लागत नाही. घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि पाठीवर झोपवलेले बाळ, एवढीच सुरक्षित झोपेची व्यवस्था आहे. उशी, लोड, मऊ खेळणी आणि पाळण्याच्या कडेने बांधायच्या गाद्या यांनी श्वास कोंडण्याचा धोका वाढतो. डोक्याचा चपटेपणा टाळायचा असेल तर बाळ जागे असताना, आपल्या डोळ्यांसमोर, दिवसातून काही वेळा त्याला पोटावर ठेवावे. साडीच्या झोळीत बाळ लवकर शांत होते, पण तिच्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून तिच्यात झोपी गेलेल्या बाळाला उचलून गादीवर ठेवावे.

वॉकर कधीच घेऊ नये. त्याने बाळ लवकर चालत नाही. उलट पायरीवरून कोसळणे, गरम चहाच्या कपापर्यंत हात पोहोचणे, असे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली. त्यामागे हीच कारणे होती.

बाटल्या आणि निर्जंतुक करण्याचे यंत्र आधीपासून आणून ठेवणे म्हणजे अंगावरचे दूध पुरणार नाही, असे गृहीत धरणे आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दूधबाटल्या आणि शिशुदुग्ध पर्याय यांची जाहिरात करण्यास मनाई आहे आणि २००३ साली तो कायदा अधिक कडक झाला. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने दुसरे काही देऊ नये. एखाद्या वैद्यकीय कारणाने वरचे दूध देण्याची वेळ आलीच तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने पाजता येते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. मे महिन्यात घरातील वडीलधारी माणसे बाळाचा घसा सुकत असेल म्हणून चमचाभर पाणी पाजतात. त्यामागे माया असते, पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि नागपूरच्या उन्हातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी पिते आणि पाणी अशुद्ध असल्यास जुलाब लागतात. पाणी, ताक, सरबत आईने भरपूर प्यावे आणि बाळाला वरचेवर पाजावे. मध तर वर्षभर चाटवूच नये.

टाल्कम पावडर श्वासातून फुप्फुसात जाते, तेव्हा तिची गरज नाही. काजळात शिसे असू शकते, म्हणून ते डोळ्यांत घालू नये. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी. नाळेला काहीही न लावता ती कोरडी ठेवावी. घ्यायचाच असेल तर एक चांगला डिजिटल थर्मामीटर घ्यावा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे. उन्हाळ्यात बाळाला कान बांधून, दुपट्यात घट्ट गुंडाळून बंद खोलीत ठेवल्यानेही अंग तापते. मानेच्या मागे हात लावून पाहावा. घाम लागला तर एक कपडा कमी करावा. कूलर चालवायला हरकत नाही, फक्त झोत थेट बाळावर येऊ देऊ नये आणि हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी खिडकी किंचित उघडी असावी.

उत्तर : मानेवाड्यातून, एका वर्षाच्या मुलीचे वडील

आपल्याकडे चारचाकी असेल तर कार सीटवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ही एकच वस्तू अशी आहे की जी पहिल्याच दिवशी, दवाखान्यातून घरी येताना लागते. मांडीवर घट्ट धरलेले बाळ अपघाताच्या धक्क्यात कोणाच्याही हातात राहत नाही. नवजात बाळासाठी मागे तोंड करून बसवायची सीट घ्यावी, ती मागच्या आसनावरच लावावी आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर कधीही लावू नये. सीटवर एआयएस-०७२ या भारतीय मानकाची खूण आहे का, हे पाहून घ्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलांना सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण मी दंडाच्या भीतीने हे सांगत नाही. वापरलेली सीट घेणार असाल तर ती कोणत्याही अपघातात सापडलेली नाही, हे देणाऱ्याकडून खात्रीने कळले तरच घ्यावी. उन्हात उभ्या गाडीतील सीटचे बकल चटका देण्याइतके तापते, त्यामुळे सुट्टी दुपारी मिळाली तरी निघण्याची वेळ संध्याकाळची ठेवता आली तर पाहावे.

बाबागाडी आपल्या भागातील रस्त्यांवर किती चालेल, हे आपणच एकदा संध्याकाळी फिरून ठरवावे. आम्ही घेतली नाही आणि आमचे काही अडले नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे गाडी आहे, तेव्हा कार सीट घेण्याचे आम्ही निश्चित केले आहे. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नणंदेच्या घरी त्यांच्या मुलाचा लाकडी रंगीत पाळणा आहे, तो आणावा का? आणि मला सव्वीस आठवड्यांची रजा मिळणार आहे, तर दूध काढण्याचा पंप आताच घ्यावा का? सासूबाईंना कसे सांगावे, हा प्रश्न तर आहेच.

उत्तर : महालातून, तीन नातवंडांची आजी

सूनबाई, सासूबाईंना समजावण्याऐवजी त्यांनाच कामाला लावावे. घरातील जुन्या सुती साड्या आणि धोतरे काढून त्यांचे लंगोट, दुपटी आणि एक पातळ गोधडी शिवायला त्यांना सांगा. ही खरेदी नव्हे, त्यामुळे त्यांचा नियम मोडत नाही. पहिले कपडे वापरून मऊ झालेल्या कापडाचे असावेत, ही आपल्याकडील जुनी रीत बाळाच्या नाजूक कातडीसाठी शहाणपणाचीच आहे. झबली नणंदेकडून किंवा जाऊबाईंकडून मागून आणावीत. बाळंतविडा आपल्या आईकडून येईल, त्यातही बरेच कपडे असतील. तो बारशापर्यंत माहेरीच राहिला तर कोणालाच आक्षेप उरत नाही. कार सीट, मच्छरदाणी आणि थर्मामीटर पसंत करून, आगाऊ रक्कम देऊन दुकानातच ठेवण्याची विनंती करावी. बाळ झाले की जावईबापू किंवा त्यांचे मित्र अर्ध्या तासात घेऊन येतील.

पाळण्याचे असे आहे की त्याच्या दोन गजांमधील अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर तो आणू नये, कारण त्यातून बाळाचे अंग सरकून डोके अडकू शकते. रंग किती जुना आहे, हेही विचारावे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या रंगाचे पोपडे निघत असतील तर तो पाळणा नावापुरता बारशाला फुलांनी सजवावा आणि बाळाला आपल्या पलंगाशेजारी वेगळ्या सपाट गादीवर झोपवावे.

उत्तर : सक्करदऱ्याहून, सेवानिवृत्त परिचारिका

पंप आत्ता घेऊ नये. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने होतात, आणि आपण कामावर जाल तेव्हा बाळाचे वरचे अन्न नुकतेच सुरू झालेले असेल. रुजू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी पंप घेतला तरी सवय होण्यास पुरेसा वेळ मिळतो. त्याआधी कधी दूध काढावे लागलेच तर हाताने काढण्याची पद्धत प्रसूतीनंतर वॉर्डातील सिस्टरकडून शिकून घ्यावी. तिला काहीच खर्च नाही. काढलेले दूध २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत सुमारे चार तास टिकते, परंतु आपल्या वरच्या मजल्यावरील खोलीत मेमध्ये तेवढा भरवसा ठेवू नये आणि ते लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे. पंपाचे पैसे वाचतील, त्यातून आपल्यासाठी पुढून उघडणारे तीन-चार सुती गाऊन आणि मोठे सॅनिटरी पॅड घेऊन पिशवीत भरून ठेवा. आपण लिहिलेल्या यादीत आईसाठी एकही वस्तू नाही, आणि पहिल्या रात्री दवाखान्यात त्यांचीच गरज सर्वांत आधी लागते.