ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय तर आधी भरतीची वेळ बघा

आजींना घेऊन रविवारी ११ वाजता घरून निघू, खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघू म्हणताय, पण तिथली बोट घड्याळावर नाही, भरतीवर सुटते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते त्यामुळे आधी टाइमटेबल बघून बुकिंग करा आणि मग निघायचं ठरवा. आम्ही न बघता गेलेलो, जेट्टीवर नुसता चिखल बघून आलो :)

फ्लेमिंगो नोव्हेंबर ते मे, पण त्यांची गर्दी बघायची तर फेब्रुवारीनंतरच जा. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलं.

आजींना बोटीत चढउतर जमणार नसेल तर खारफुटीतल्या लाकडी पुलावरून हळूहळू फिरवा, तेही मस्त आहे. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली तिवराची मुळं आणि मध्येच टुणकन उडणारी निवटी (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे), आमचं धाकटं तिथून हलेचना. तिवराच्या पानाला मागून बोट लावून जिभेवर ठेवायचं, खारट लागतं, झाड मीठ बाहेर टाकतं ना.

ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. टोप्या, पाणी घ्याच, बोटीत ऊन फार लागतं.